बिनधुराचे झुरके

मास्तरांनी सिगारेट सोडली आणि त्याच दिवसापासून ते पूर्वीपेक्षा जास्त ओढायला लागले, असं त्यांच्या बायकोच्या फोनचं म्हणणं होतं.

"अहो, हे काय?" दुकानाच्या दारात उभं राहून मास्तरीणबाईंनी फोन पुढे धरला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमचा माणूस आत्ता सिगारेट ओढत आहे. त्याला प्रेमाने समजवा.'

मास्तर एका पॅन्टची उंची कमी करत होते. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि मग दोन्ही हात वर केले.

"नाही गं. एकसुद्धा नाही. शप्पथ."

"प्रेमानेच विचारतेय," मास्तरीणबाई दात आवळून म्हणाल्या. त्यांनी शिलाई मशीनच्या खाली बघितलं, चिंध्यांच्या टोपलीत हात घातला आणि जाता जाता नवऱ्याच्या कॉलरचा वास घेतला. काही सापडलं नाही म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला. इतकी वर्षं संसार केल्यावर काही न सापडणं म्हणजे नीट लपवलेलं असणं, एवढं त्यांना पाठ झालं होतं.

चूक त्यांची नव्हती. मास्तरांनी आजवर इतक्यांदा 'ही शेवटची' म्हणून काडी ओढली होती की घरात त्या शब्दांवर कोणी मान वर करून बघत नसे. यावेळची गोष्ट मात्र वेगळी होती. परगावी राहणाऱ्या लेकीला मुलगी झाली होती आणि लेकीने स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, बाळाजवळ धूर नको, धुराचा वासही नको. सिगारेट सुटली की घेऊन येते तिला. मग दिवसभर मांडीवर घेऊन बसा."

तोवर नात फक्त फोनच्या काचेत दिसायची. मास्तरांनी तिच्यासाठी अंदाजाने एक फ्रॉक शिवला. सिगारेट सुटेना आणि तेवढ्यात फ्रॉक लहान झाला. दुसरा शिवला, तोही झाला. तिसरा कापायला घेतला तेव्हा मात्र ते खडू हातात धरून थबकले. जन्मभर माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावलेला माणूस स्वतःच्या नातीचे कपडे फोटो बघून बेतत होता.

म्हणून यावेळी इलाज दुहेरी होता. आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडमपुढे बसून मनातलं बोलायचं आणि बाकीचे दिवस मनगटावर एक पट्टा बांधून फोनमधल्या ॲपच्या ताब्यात राहायचं. सिगारेट ओढली की पट्ट्याला कळतं आणि ॲप ती बातमी बायकोला, लेकीला आणि मॅडमना एकदमच देतं. पट्ट्याला ते कसं कळतं हे ॲपमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण मास्तर चष्मा फक्त सुईत दोरा ओवायला लावत. तलफ आलीच तर एक गोल बटण दाबायचं. मग मॅडमचा शांत आवाज म्हणायचा, "तलफ ही पाहुणी आहे. आली तर बसू द्या. चहा देऊ नका. कंटाळून उठेल."

संपूर्ण आठवडा हिरवा दिसला की लेक गाडीची तिकिटं काढणार होती. मास्तरांनी खरोखर सिगारेटला हात लावला नव्हता. तरी रोज संध्याकाळी ॲप लालभडक.

दोन दिवसांनी परत लाल निरोप आला तेव्हा मास्तरीणबाई कुकरखालचा गॅस बंद करून तशाच निघाल्या. दुकानात शिरल्या तर मास्तर आरशापुढे उभे, अंगात काळा कोट आणि कोटाला सिगारेटचा वास. बाईंनी खिशात हात घातला. पाकीट निघालं, लायटरही निघाला.

"कोट वकीलसाहेबांचा आहे!" मास्तर घाईघाईने म्हणाले.

"मग तुमच्या अंगात काय करतोय?"

"खांदा बघत होतो. आमचं माप एकच आहे ना!"

"आणि व्यसनही एकच!" बाईंनी पाकीट जिथल्या तिथे ठेवलं. परक्याची वस्तू फेकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोला."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती रागावली असती तर मास्तरांना परवडलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ओढलीत तर ओढली म्हणा. मी समजून घेईन. खोटं नका बोलू." मागून नातीचा हुंकार ऐकू आला आणि मास्तरांनी 'नाही गं' एवढंच कसंबसं म्हटलं. खोटं बोलत होते तेव्हा त्यांची जीभ कशी सुरळीत चालायची. आता खरं बोलताना मात्र दातखीळ बसत होती. त्यांना फार वाईट वाटलं.

पुढच्या भेटीला मॅडमच्या खोलीत ते मान खाली घालून बसले.

"काका," मॅडम समजुतीने म्हणाल्या, "घसरलात तरी हरकत नाही. पण आधी कबूल करायला हवं."

"घसरलोच नाही हो, मॅडम."

"स्वतःपासून लपवणं हाही सवयीचाच भाग असतो."

मास्तर दुसरीकडे बघू लागले आणि त्यांची नजर खिडकीच्या पडद्यावर गेली. पडद्याची खालची पट्टी उसवून लोंबत होती. मास्तरांनी थोडा वेळ सहन केलं. मग त्यांना राहवेना.

"तुम्ही बोला, मी ऐकतोय," असं म्हणत ते उठले, पडद्यापाशी उकिडवे बसले, शर्टाच्या खिशातली टाचण्यांची डबी काढली आणि चिमूटभर टाचण्या ओठांत धरून कामाला लागले. हात वर जाई, ओठांतली टाचणी घेई, खाली येऊन कापडात टोची, परत वर जाई.

मॅडम मन मोकळं करण्याचे फायदे सांगत होत्या. एवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन किणकिणला. 'तुमचे काका आत्ता सिगारेट ओढत आहेत.'

मॅडमनी फोनकडे बघितलं, मग काकांकडे.

"काका, तुम्ही आत्ता ओढताय?"

"हूं हूं!" मास्तरांनी टाचण्या सांभाळत जोरात मान हलवली.

फोन पुन्हा किणकिणला. 'झुरक्यांचा वेग वाढला आहे.'

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. "परत एक टाचणी काढा बरं तोंडातून," त्या म्हणाल्या. मास्तरांनी काढली. फोन वाजला. "अजून एक." फोन वाजला. मॅडमना हसू आवरेना. ओढणीचं टोक तोंडावर धरून त्या पोट धरधरून हसल्या.

"काका, या पट्ट्याला धूर कळत नाही. त्याला फक्त हात तोंडाकडे गेलेला कळतो! आणि मला पण तुमचं ऐकून घेता आलं नाही. चुकलंच माझं."

मास्तरीणबाईंना फोनवर सगळं सांगितलं गेलं. त्या म्हणाल्या, "आज वरणाला जरा जास्त फोडणी देते." त्यांच्या घरात माफी अशीच मागितली जाई.

मॅडमच्या सांगण्यावरून मास्तरांनी टाचण्यांसाठी एक छोटी उशी शिवून दुसऱ्या मनगटावर बांधली. लाल निरोप थांबले. आणि खरी पंचाईत तिथेच सुरू झाली. इतके दिवस ओठ टाचण्यांत गुंतलेले होते, आता ते रिकामे झाले. रिकाम्या ओठांना जुनी मैत्रीण आठवली. समोरच्या खुंटीवर वकीलसाहेबांचा कोट, कोटाच्या खिशात पाकीट आणि दुकानात दुसरं कोणी नाही.

मास्तरांनी बटण दाबलं. "तलफ ही पाहुणी आहे..." मॅडम म्हणाल्या. पाहुणी ऐसपैस बसली. मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. पाहुणीने पाय पसरले. शेवटी ते उठले, कोट खुंटीवरून काढला, मशीनवर घेतला आणि पाकिटासकट खिशाचं तोंड शिवून टाकलं. मशीन थांबलं तेव्हा पाहुणीही उठून गेली होती.

वकीलसाहेब कोट न्यायला आले.

"मास्तर, खिसा उघडेना!"

"शिवलाय."

"अहो, आत माझ्या सिगारेटी आहेत!"

"माहितीये ना. म्हणून तर दुहेरी टाका घातलाय."

वकीलसाहेब तणतणत गेले, आणि आठवडा हिरवागार गेला.

लेक आली. तिने बाळाला मास्तरांच्या मांडीवर दिलं आणि आईच्या मदतीला स्वयंपाकघरात गेली. तिसरा फ्रॉक जरा सैल झाला होता. मास्तरांनी बाह्या बघितल्या, गळा बघितला आणि मग सगळं बघायचं सोडून दिलं. नातीने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं.

स्वयंपाकघरात लेकीचा फोन वाजला. मग आईचा. मग परत लेकीचा. लेकीने वाचलं, 'तुमचे बाबा आत्ता सिगारेट ओढत आहेत. झुरक्यांचा वेग फार वाढला आहे.' हातातलं भांडं तसंच टाकून ती बाहेर धावली आणि दारातच थबकली.

मास्तर नातीची इवली मूठ हातात घेऊन ओठांशी नेत होते, तिचा पापा घेत होते, खाली आणत होते, परत ओठांशी नेत होते. नात खिदळत होती. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

लेकीच्या हातातला फोन पुन्हा वाजला. या खेपेला मॅडमच होत्या, आवाजात काळजी. "काका ठीक आहेत ना? इकडे निरोपावर निरोप येताहेत."

"हो मॅडम, बघतेय मी," लेक डोळे पुसत म्हणाली. "एकामागून एक चाललंय. आणि आज त्यांना कोणी थांबवणार नाहीये."