नुसते थांबणारे दोघे

"माझ्या नजरेतून आजवर एकही बिघाड सुटलेला नाही," असं तपासमहर्षी स्वतःच सांगत, कारण दुसरं कोणी सांगत नसे. अंडी उबवण्याची यंत्रं बनवणाऱ्या छोट्याशा कारखान्यात ते दुरुस्तीप्रमुख होते. महर्षी ही पदवी मात्र घरची. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू करायचं, ही त्यांची तपासाची पद्धत.

आजचं प्रकरण गंभीर होतं. सर्किट ज्या ठेक्यावर चालतं त्याला क्लॉक म्हणतात. वीज गेली की यंत्राने मुख्य क्लॉक सोडून बॅटरीवरचं सावकाश क्लॉक धरायचं; पण ही अदलाबदल होताना ते मधूनच बेशुद्ध पडे. संध्याकाळी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. त्याच्यासमोर यंत्र अडलं तर सर्किट आखणारीने दुसरी नोकरी बघावी, असं मालकीणबाईंनी बजावलं होतं. आखणारी म्हणजे महर्षींची सहायिका. 

महर्षींनी कोट काढून, सर्किटचे ठोके पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर टाकला आणि भिंग उचललं. "काम आतल्याच माणसाचं आहे," ते म्हणाले.

पहिला संशय बॅटरीवर, कारण ती फार शांत होती. मग पंख्यावर, कारण तो शांत नव्हता. मग हिशेबनिसावर, कारण वीज गेली की तो हसायचा. लवकर घरी जायला मिळेल म्हणून हसतो, असं त्याने कबूल केलं. सहायिका काही सांगायला तोंड उघडायची, तोवर महर्षी पुढच्या संशयितापाशी पोहोचलेले असत.

शेवटी तिने तो कोट बाजूला केला आणि पडद्यावर पाहिलं. एका क्लॉकचा ठोका पुरा व्हायच्या आत दुसरं मध्ये घुसत होतं. ठोक्याची नुसती चिंधी उरे, आणि तिच्यामुळे सर्किटची त्रेधा उडे. हे होऊ नये म्हणून तिने फ्लिपफ्लॉप नावाचे दोन चिमुकले भाग आखले होते. पहिलं क्लॉक गप्प होईपर्यंत दुसऱ्याला दाराशी थोपवून धरणं, एवढंच त्यांचं काम. बोर्डावर त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. तिने ते बसवले, प्लग काढला, घातला, पुन्हा पुन्हा काढला. यंत्र निमूट चालत राहिलं. तिला हायसं वाटलं, आणि मग भयंकर राग आला.

मालकीणबाई दारात आल्या तेव्हा तिने त्यांना रिकाम्या जागांचं सांगितलं. "ते काढले कोणी?" त्यांनी विचारलं.

"यांनी," सहायिका म्हणाली. "गेल्या महिन्यात, काटकसर म्हणून. म्हणाले, हे दोघे काही करत नाहीत, नुसते थांबतात. मी नको म्हणत होते, पण माझं वाक्यच पुरं झालं नाही."

तिचं बोलणं संपेपर्यंत महर्षी थांबले. असं पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांनी घसा साफ केला.

"मी म्हटलंच होतं," ते म्हणाले, "काम आतल्याच माणसाचं आहे."