पडदे बदलून मिळतील

मंदारच्या दुकानात आलेलं पहिलं गिऱ्हाईक चार खिडक्यांचं माप घेऊन आलं होतं.

"लई भडक नगं," किकवीच्या सखूबाई म्हणाल्या. "पोरीला बघाय पावनं येनार हायती."

"मावशी, हे गिटार दुरुस्तीचं दुकान आहे."

"मंग भायेर पडदे कशापायी लिवलंय?"

लिहिलं होतं खरं. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तारांनी त्या झिजल्या की सूर किरकिरायला लागतो. झिजलेल्या काढून नव्या बसवायच्या आणि कानशीने घासून एका पातळीत आणायच्या, हे मंदारचं काम. पण भोरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या नारायणरावांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, 'फ्रेट' काही सोसेना. "सतारीला पडदे चालतात, मग गिटारला काय धाड भरली?" असं म्हणून त्यांनी स्वतःच मजकूर लिहून दिला: 'येथे पडदे घासून व बदलून मिळतील.' गिटारच्या चित्राला पाटीवर जागाच उरली नाही. मंदार गप्प बसला, कारण गाळा वडिलांचा होता. दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही, तर त्याने मुकाट्याने पुण्याच्या नोकरीवर परत जायचं ठरलं होतं. "लाकूड घासत बसण्याला धंदा म्हणत नाहीत," असं नारायणराव चारचौघांत खणखणीत आवाजात सांगत.

सखूबाई पाटीला नावं ठेवत गेल्या आणि गुंजवण्याचे कोंडिबा आले. त्यांनी कानावर बोट ठेवलं.

"डाक्टर म्हन्ला, पडदा फाटलाय. बदलून द्या."

मंदारने परोपरीने समजावलं. पण ऐकू येत असतं तर कोंडिबा आलेच कशाला असते? मग त्याने हातवारे सुरू केले. हातात कानस होती. कोंडिबांनी दोन्ही कान गच्च झाकले.

"ती आत न्हाई घालायची! दुसरं काय आसंल तर बगा."

शेवटी मंदारने स्वतःची गिटार उचलली, तिचं टोक कोंडिबांच्या कानामागच्या हाडाला टेकवलं आणि तार छेडली. म्हातारा दचकला.

"आरं, वाजतंया की! डोस्क्यात वाजतंया!"

कोंडिबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंदार वेळेचं भान विसरून वाजवत राहिला. दुकान उघडल्यापासून त्याला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

कोंडिबांनी गावात काय सांगितलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळीच जीप भरून माणसं आली. गाळ्यापुढे रांग लागली. ती बघून नारायणराव लगबगीने आले.

"चाललं की रे दुकान!"

"अण्णा, एकाकडे तरी गिटार दिसतेय का? सगळे कान दुरुस्त करायला आलेत. तुमच्या पाटीमुळे!"

"पाटीत चूक नाही," नारायणराव म्हणाले आणि रांगेपुढे उभं राहून त्यांनी 'पडदा' या शब्दाचे सगळे अर्थ उदाहरणांसह समजावले. रांगेत कुणालाही काही ऐकू गेलं नाही. दुपारपर्यंत मंदारने प्रत्येकाच्या कानामागे गिटार टेकवली, दोन-दोन सूर ऐकवले आणि खाणाखुणा करून कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. जीप गेल्यावर तो हत्यारं पिशवीत भरू लागला.

"अण्णा, दिवाळीची वाट बघण्यात अर्थ नाही. पुण्याला फोन करतो."

नारायणरावांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर येऊन बसले.

"मला डाव्या बाजूला लाव," ते हळूच म्हणाले.

मंदार बघतच राहिला. घरात टीव्ही एवढा मोठा का असतो, मागून हाक मारली तर अण्णा ओ का देत नाहीत, हे त्याला आत्ता उमगलं. त्याला स्वतःचाच राग आला आणि वडिलांबद्दल माया दाटून आली. त्याने गिटार टेकवली आणि वाजवायला लागला. नारायणरावांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हे तू कधीपासून वाजवतोस?"

"कॉलेजपासून, अण्णा!" मंदार ओरडून म्हणाला. "आपल्या घरातच!"

नारायणरावांनी हत्यारांची पिशवी स्वतःकडे ओढून घेतली.

"फोनबिन काही करू नकोस," ते म्हणाले. "कॉलेजपासूनचं सगळं वाजव."