आखूड शब्दांची वही

सोमवारी सकाळी माझ्या वहीत एकूण एक्केचाळीस शब्द होते. कानडी चौदा, तेलुगू तेरा, मराठी नऊ आणि दखनी उर्दू पाच. एकही शब्द दोन अक्षरांहून लांब नव्हता. जोडाक्षर मी एकच धरलं होतं.

हे मुद्दाम सांगतो, कारण बी.एस्सी. झालेल्याला भाषेतलं काय कळतं, असं लोक म्हणतात. वाचकहो, भाषेतलं आम्हालाच कळतं! पंडित लांब शब्दांमागे धावतात. पण लांब शब्द म्हणजे संयुगं आणि आखूड शब्द म्हणजे मूलद्रव्यं! मूलद्रव्य सगळीकडे सारखंच असतं. बार्शीतलं लोखंड सोलापुरात आणलं म्हणून त्याचं पितळ होत नाही. तेव्हा ज्याला पन्नास आखूड शब्द येतात, तो कुठल्याही मुलखात कारखाना चालवील, असा माझा सिद्धांत होता. नऊच शब्द कमी होते.

कारखानाही मिळाला होता. सोलापूरच्या भवानी पेठेत मल्लप्पाशेठ सूत रंगवून विणकरांना देत. शेठ घरी कानडी बोलत. रंगाची कढई सांभाळणारी काशम्मा तेलुगू; तिची मराठी भाजी घेण्यापुरती. ओझी उचलणारा धोंडीराम वेळापूरकडचा, महिन्यापूर्वीच आलेला. आणि सोमवारपासून मी, रंगमास्तर!

"आठ दिवस बघतो," शेठ म्हणाले. "जमलं तर पक्कं."

इकडे वडिलांचं बार्शीहून कार्ड आलेलं: 'आठ दिवसांत नोकरी पक्की झाली नाही तर निमूट परत ये. मामांच्या अडतीवर मिरच्या तोलायला माणूस हवा आहे.' मला मिरचीचं वावडं आहे. नुसतं कार्ड वाचून मला तीन शिंका आल्या!

संध्याकाळी घरमालकीण गुरम्माने आपली शेळी दाखवून 'साकु' हा शब्द समजावला. मी लगेच वहीशी ताडून पाहिला: कानडी, साकु, म्हणजे पाळणे, पोसणे. 'चालु' तर मला मराठीत आणि तेलुगूत, दोन्हीकडे ऐकू आला होता. च सुद्धा तोच, चहातला नव्हे, चाकातला! अर्थ विचारायची गरजच नव्हती.

मंगळवारी शेठ दारातून ओरडले, "ए धोंडीराम, बा!"

धोंडीराम गोणी टाकून धावला. परत आला तो छाती फुगवून. "मालक लई मोठ्या मनाचं, मास्तर. मला बा म्हंत्यात! माज्या पोटच्या पोरानं कंदी म्हटलं न्हाय!"

मी वहीतल्या 'बा'पुढे नोंद केली: कानडीतही, आदरार्थी. मराठीतल्यासारखंच. सिद्धांत सिद्ध!

बुधवारी सकाळी शेठ दारात दिसताच मी हात जोडून, नम्रपणे, सगळ्यांदेखत म्हणालो, "बा!"

शेठचा चेहरा तांबडा झाला. इतका उत्तम तांबडा मी कढईतही पाहिला नव्हता.

"मला बा म्हणतो? माझा बाप मला कधी बा म्हणला नाही! 'बर्री' म्हणत होता, 'बर्री'!"

कानडीत 'बा' म्हणजे 'ये रे' आणि 'बर्री' म्हणजे 'या', असं तेव्हा कळलं. धोंडीरामाला मी हे सांगितलं नाही. त्याचा आठवडा चांगला चालला होता. शिवाय एका अपवादानं सिद्धांत मोडत नाही.

शुक्रवारी मोठं काम निघालं. बार्शीच्या एका लग्नाची वीस लुगडी, रंग गुलाबी. चाळीस रत्तल सूत कढईत होतं.

"मास्तर, रंगाचं पाणी तुम्ही ओता," शेठ म्हणाले. "थांबायचं कधी ते काशम्मा सांगेल. ती बोलेल तसंच करा. जरा इकडंतिकडं झालं तर आठ दिवसाची वाट बघत बसणार नाही मी!"

"मापानं ठरवलं तर?" मी विचारलं.

"तिचा डोळाच माप आहे. तीस वर्षं झाली."

"मग तिला सांगा, आपल्याच भाषेत बोल, पण एकच शब्द बोल, आणि तो आखूड बोल."

शेठनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तिला तेलुगूत सांगितलं. तीही माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. मग शेठ पेढीवर गेले.

मी ओतायला लागलो. कढईतून वाफ उठत होती. पलीकडे काशम्मा दोन काठ्यांवर सुताच्या लडी खालीवर करत होती. पहिलं माप झालं. दुसरं झालं. तिसरं संपत आलं तशी ती म्हणाली, "चालु."

चालू! मी चौथं माप ओतलं.

"चालु, अय्या, चालु!"

काय उत्साह या बाईचा! मी पाचवं ओतलं, सहावं ओतलं.

"चालु! चालु! पोय्यद्दु!"

'पोय्यद्दु' हा लांब शब्द होता. लांब शब्द माझ्या विषयाबाहेरचे. मी हात जरा लवकर चालवला. काशम्माचे दोन्ही हात गरम सुतात अडकलेले. आता ती थयथय नाचायला लागली आणि किंचाळली, "चालु रा!"

मी धोंडीरामाकडे पाहिलं.

"चालू ऱ्हा म्हंती बाई," धोंडीराम म्हणाला. "ओता की!"

अकरावं माप ओतून डबा रिकामा झाला, तेव्हाच मी थांबलो. तोवर आणखी तीनदा मिळून 'चालु' हा शब्द एकूण नऊ वेळा उच्चारला गेला होता. काशम्माने काठ्या सोडून दिल्या आणि कपाळाला हात लावला. कपाळ गुलाबी झालं नाही. जांभळं झालं.

आरडाओरडा ऐकून शेठ आले. त्यांनी एक लड उचलून उजेडात धरली. रंग पिकून फुटायला आलेल्या वांग्याचा होता.

"हे लग्नाचं लुगडं?" शेठ म्हणाले. "हे नेसून नवरी मांडवात आली तर लोक रडायला बसतील की!"

"ती 'चालू' म्हणत होती, शेठ! नऊ वेळा! मी मोजलंय!"

शेठनी काशम्माला काहीतरी विचारलं. ती बोलत राहिली, दोन मिनिटं, सगळे लांब शब्द. शेठ ऐकता ऐकता पोत्यावर बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तेलुगूत चालु म्हणजे पुरे!"

"आणि रा?"

"रा म्हणजे रे! 'पुरे रे, ओतू नको' म्हणत होती बाई!"

मी मान खाली घातली. डोळ्यांपुढे मामांची अडत आली. नाक हुळहुळायला लागलं. शेठ उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साकु, मास्तर. साकु."

मी वही उघडली. साकु: पाळणे, पोसणे.

मला भरूनच आलं! एवढं नुकसान सोसून हा माणूस मला पोसायला तयार होता! तेही आठ दिवस भरायच्या आत!

"शेठ, मी हे जन्मभर विसरणार नाही!"

"विसरू नका," शेठ म्हणाले.

येताना मी अर्धा शेर पेढे घेतले. गुरम्माला दिले, शेजारी दिले, एक शेळीलाही दिला. वडिलांना कार्ड टाकलं: 'नोकरी पक्की. मालकांनी मला पाळायचं ठरवलं आहे. मामांना दुसरा माणूस पाहायला सांगा.'

शनिवारी सकाळी सात वाजता मी कारखान्यात हजर झालो.

"काय राहिलं काय तुमचं हितं?" शेठनी विचारलं.

"कामावर आलोय."

"काल साकु म्हणलो की मी!"

"म्हणूनच तर आलोय!"

मी वही पुढे केली. शेठनी ती वाचली, दोनदा वाचली, आणि पोट धरून पुन्हा त्याच पोत्यावर बसले.

"अहो मास्तर, शेळीला साकु म्हणजे पाळणं! माणसाला साकु म्हणजे पुरे झालं, घरी जा!"

काशम्मा आठवड्यात प्रथमच हसली. हसून झाल्यावर जरा कळवळून माझ्याकडे बघत म्हणाली, "चालु, अय्या. चालु."

या वेळी मला अर्थ कळला.

स्टेशनापर्यंत धोंडीराम माझी वळकटी घेऊन आला. "मास्तर, माज्या 'बा'चं काय वो? त्यो तरी खराच हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर मी वही दुरुस्त केली. 'बा', 'रा', 'चालु' आणि 'साकु' यांच्यापुढे एकेक अर्थ वाढवला. शब्द एक्केचाळीसच राहिले.

सोमवारी मामांच्या अडतीवर मी अकरा पोती मिरची तोलली. शिंका एकशे सत्तावीस.