लाल दोऱ्याची पानं

रामाजींच्या कुंपणाला अडुळसा होता आणि त्या अडुळशावर त्यांच्या भाचीची पीएच.डी. अवलंबून होती. मयुरी चंद्रपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. पान जून होत जातं तसं त्यातलं औषधी द्रव्य वाढतं की घटतं, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी पानाचं नेमकं वय ठाऊक हवं. म्हणून दिवाळी आटोपल्यावर ती एटापल्लीजवळच्या मामाच्या गावी आली आणि त्याच दिवशी उमललेल्या ऐंशी पानांच्या देठांना तिनं लाल दोरे बांधले.

"मामा, पंधरा दिवसांनी जी नवी पानं निघतीन त्यायले पिवळा दोरा बांधजा, महिन्यानं निघतीन त्यायले पांढरा. दीड महिन्यानं मी येऊन सारी एकाच दिवशी तोडीन. तवरक एकबी पान गेलं नाई पाह्यजे."

"अडुळशाले बकरीबी तोंड लावत नाई," रामाजी म्हणाले. "अन् मी हाओ ना इथी!"

तिसऱ्या दिवशी शेजारचा लटारू खोकत खोकत आला. गावात धानाची मळणी चालू होती आणि धुळीनं अर्धं गाव खोकत होतं.

"रामाजीभाऊ, हे दोरे काहाचे जी?"

'भाचीचा अभ्यास हाय,' एवढं सांगून भागलं असतं. पण लटारूबरोबर आणखी चार माणसं होती, आणि चार माणसांपुढे थोडक्यात आटोपणं रामाजींना जमत नसे.

"कॉलेजातून निवडलेलं पान हाय हे. लाल दोरा म्हंजे खोकल्याले एक नंबर!"

"मंग दोन देता का जी?"

आता नाही कसं म्हणणार? रामाजींनी दोन पानं दिली. दुसऱ्या दिवशी लटारूचा खोकला थांबला. त्याची मळणीही त्याच दिवशी संपली होती, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

रविवारपर्यंत ऐंशीच्या ऐंशी पानं गावाच्या पोटात गेली. माणसं मात्र सज्जन. काढा पिऊन झाला की दोरा धुऊन परत आणून देत. "ठेवा भाऊ, कामात येईन."

रामाजींनी ते दोरे हाताला लागतील त्या पानांना बांधून टाकले. कोवळं कोणतं, जून कोणतं, हे बघायला धीर कोणाला होता? पुढे पिवळे दोरे आले. गावानं त्यांचाही अर्थ विचारला आणि रामाजींनी तोही सांगितला: पिवळा बायकांसाठी. पांढरा लेकरांसाठी. शेवटचे पांढरे दोरे बांधताना खालच्या फांद्यांना पानच उरलं नव्हतं. रामाजींना खाटेवर उभं राहावं लागलं. त्यांची बायको वच्छला ओसरीवर तांदूळ निवडत हे सगळं पाहत होती.

दीड महिन्यानं मयुरी आली. तिनं पानं तोडली, तीन पिशव्यांत भरली आणि म्हणाली, "मामा, लय सांभाळली जी तुमी पानं!"

ती शाबासकी रामाजींच्या जिवाला लागली. पोरीची चार वर्षांची मेहनत आपण गावाला उकळून पाजली. सांगावं तर पोरगी रडेल, न सांगावं तर उद्या कोणी तिलाच खोटी म्हणेल. रामाजींचं जेवण कमी झालं. झोप तर पार उडाली.

महिनाभरानं मयुरीचा फोन आला. कॉलेजात परिसंवाद होता, बाहेरगावचे शास्त्रज्ञ येणार होते, मामानं यायचंच होतं. रामाजी पहाटेच्या एसटीनं निघाले.

सभागृहात मयुरी पडद्यावर एक आलेख दाखवत होती. कोवळ्या पानापासून जून पानापर्यंत एक सरळ रेघ खाली उतरत गेली होती. शास्त्रज्ञ माना डोलवत होते. त्या गोंधळातून इतकी सरळ रेघ! रामाजी उभे राहिले.

"थांबा जी! पोरगी खरी हाय, मी खोटा हाओ! लाल पानं लटारूनं पेली. पिवळी बायायनं पेली. मी कोणत्याबी पानाले दोरा बांधला जी!"

सभागृहात हशा पिकला. मयुरी खाली आली आणि तिनं मामाचा हात धरला.

"मामा, बसा. तुमची पानं मी तपासलीच नाई."

पडद्यावर पुढचं चित्र आलं. रामाजींच्याच गोठ्यामागचा दुसरा अडुळसा, त्याच्या पानापानाला व्यवस्थित दोरे, आणि बाजूला डोक्यावर पदर घेऊन पोलिसासारखी उभी वच्छला.

रामाजींनी बाहेर व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

"तुले कधीपासून मालूम होतं?"

"लटारू आला त्याच दिवशी मीनं मयुरीले फोन केला. तिनं सांगतलं तसे गोठ्यामागं दुसरे दोरे बांधले."

"मंग तिनं माही पानं काऊन तोडून नेली?"

"तुमचं मन राखाले."

रामाजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तिचं समजलं. पण तू? महिनाभर माह्या डोळ्याले डोळा नाई लागला. तू पाहून राह्यली होती. एका शब्दानं तरी सांगाचं!"



"सांगणारच होती जी," वच्छला म्हणाली. "पण तुमी जागे राहत होते तं घोरणं बंद होतं. तीस वर्सांत पहिल्यांदा मले झोप लागली."