धूळ मोजायचं यंत्र आणि सत्यभामाकाकूंची गोधडी

"काकू, यंदा तुमच्या बागेवर धुळीचा कण बसला तर माझं नाव बदला!" गुरुप्रसादनं छाती ठोकून सांगितलं. तेव्हाच कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता!

गुरुप्रसाद तुळजापूरचा. येरमाळ्याजवळच्या एका दगडखाणीत पर्यावरण अधिकारी. अधिकारी म्हणजे काय, तर कंपनी वर्षभर डोंगर पोखरणार आणि हा वर्षाच्या शेवटी 'शाश्वतता अहवाल' लिहिणार. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर मोर. मोर नेटवरून उतरवलेला, कारण सुरुंगाच्या दणक्यानं इथले मोर कधीच पळाले. आत 'आम्ही धरतीमातेचे ऋणी आहोत' वगैरे मजकूर. वाचतो कोण मेला!

खाणीच्या खालच्या अंगाला सत्यभामाकाकूंची द्राक्षबाग. पोटच्या पोरासारखी वाढवलेली. गेल्या वर्षी व्यापाऱ्यानं घड हातात घेतला, फुंकला, खोकला आणि विचारलं, "मावशी, ही द्राक्षं हायत का खडी?" गाडीत बसून गेला तो गेलाच. यंदाही धूळ बसली तर बागेला कुऱ्हाड लावायची, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं.

म्हणून गुरुप्रसादनं डोकं लढवलं. यंदा अहवालात नुसते शब्द नाहीत, आकडे! धूळ मोजायचं यंत्र काकूंच्या अंगणात ठेवायचं. आकडा फुगला की कंपनीला खडी फोडायचा क्रशर पत्र्यानं झाकावाच लागेल.

"यंत्र खोटं बोलत नाही, साहेब!" त्यानं मॅनेजर रणधीरसाहेबांना ठणकावलं. "आणि आकडे थेट मुख्य कचेरीत जातात. मध्ये कुणाला हात लावता येत नाही."

"बघू," साहेब म्हणाले.

यंत्र आलं. वायर ओढून अंगणात, बरोबर क्रशरच्या तोंडासमोर ठेवलं. "काकू, लई महागाचं आहे. आठवडाभर बंद पडू द्यायचं नाही. जपा हं!"

"म्या काय येडी हाय व्हय? दुसऱ्याची वस्तू. डोळ्यात तेल घालून जपते की!"

आठवडा संपला आणि आकडे आले. गुरुप्रसादनं चष्मा पुसला, मोबाइल पुसला, पुन्हा चष्मा पुसला. धूळ जवळजवळ नाहीच! महाबळेश्वरानं लाजून मान खाली घालावी अशी हवा! त्यानं गाडीला किक मारली आणि काकूंचं घर गाठलं. अंगण रिकामं.

"काकू, यंत्र कुठंय?"

"हाय की. देवघरात."

येडेश्वरीच्या तसबिरीशेजारी, दुहेरी गोधडीत गुंडाळलेलं यंत्र सुखानं गुरगुरत होतं.

"अहो काकू, अंगणात ठेवलं होतं ना मी!"

"अंगणात? अरं, किती धूळ असती अंगणात! पहिल्याच दिशी पांढरंफटक झालं बिचारं. म्हणलं, ह्या लेकराच्या नोकरीवर यायचं. वायर आत घेतली, दारं-खिडक्या लावल्या. आठ दिस देवाला उदबत्ती लावली न्हाय, धूर लागंल म्हणून!"

हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, गुरुप्रसादला कळेना. तो तसाच उलट्या पावली कचेरीत.

"साहेब, आकडे चुकलेत! पुन्हा मोजू!"

"चुकले? यंत्र खोटं बोलत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"साहेब, ते गोधडीत होतं!"

"गोधडीत असू दे, नाहीतर पैठणीत! अहवाल छापायला गेला. अरे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण काहीतरी मोजलंय. त्याला तरी नाट लावू नकोस!"

धाराशिवच्या एका हॉटेलात प्रकाशन झालं. काजूकतली, फेटे, सगळं. मुख्य कचेरीचे बडे साहेब माइकवर गहिवरले. "क्रशरच्या तोंडासमोर इतकी निर्मळ हवा! तिथल्या निसर्गाची ताकद बघा! म्हणून आपला दुसरा क्रशर आपण त्याच बाजूला, अगदी त्या बागेच्या बांधाला लागून उभा करतोय!"

गुरुप्रसाद ताडकन उठला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात रणधीरसाहेबांनी त्याच्या हातात गुच्छ कोंबला आणि कानात सांगितलं, "तुला नोकरीत कायम करायचं बोलणं झालंय. बस खाली." गुरुप्रसाद बसला. इतकी पटकन तर शाळेतली पोरंसुद्धा बसत नाहीत!

संध्याकाळी तो बागेत गेला. काकू ओल्या फडक्यानं घड पुसत होत्या. एकेक घड! अख्खी बाग अशी पुसून व्हायची असती तर काय हवं होतं?

"आलास? काय झालं रं? झाकणार का क्रशर?"

त्यानं सगळं सांगितलं. गोधडीचं तेवढं गिळलं. काकू शिव्या देतील, निदान चार शब्द सुनावतील, असं त्याला वाटत होतं. त्यांनी फडकं पिळलं आणि तारेवर टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुसरा क्रशर," त्या म्हणाल्या. "बांधाला." मग त्यांनी विचारलं, "अन् तू व्हतास की तिथं. तू काय केलंस?"

गुरुप्रसादनं चपलेकडं बघितलं.

"टाळ्या वाजवल्या, काकू," तो म्हणाला. "सगळेच वाजवत होते."