कमी जेवणारा घरजावई

सुमतीमावशींना कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस घ्यायचा होता. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "स्वभावाने कसा आहे रे?"

"मावशी, ते सॉफ्टवेअर आहे. त्याला कसला आलाय स्वभाव?"

"स्वभाव प्रत्येकाला असतो. मुलाकडचे तो आधी सांगत नाहीत, एवढंच. तू चौकशी केलीस का?"

"चौकशी केलीस का?" हे मावशींचं पालुपद होतं. आणि का नसावं? कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. केंद्र म्हणजे त्यांच्या दोन खोल्यांतली बाहेरची. एक टेबल, चार खुर्च्या आणि दारावर पाटी : ‘मुलीचा रंग विचारू नये. मुलाचा पगार वाढवून सांगू नये. दुपारी एक ते चार बेल वाजवणाऱ्याचं लग्न जमणार नाही.’ एवढी दहशत असूनही निम्म्या पेठेची लग्नं मावशींनीच जमवली होती. माझं आणि शुभदाचंही. त्याची परतफेड म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांचा गॅस सिलिंडर बदलत होतो. जरा कुरकुर केली की त्या म्हणायच्या, "मिलिंद, शुभदासारखी मुलगी तुला कोणी आणून दिली?" मग काय, मुकाट्याने सिलिंडर. स्वतः मावशींनी मात्र लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची आमच्या इमारतीत कुणाची टाप नव्हती.

कॉम्प्युटर त्यांच्या भाच्याचा, शेखरचा. खास गेम खेळण्यासाठी म्हणून त्याने एकेक भाग निवडून जुळवलेला. काळा, अगडबंब, पोटात निळा दिवा लागणारा. कंपनीने त्याला परदेशी पाठवलं, तेव्हा जाण्याआधी तो मावशींकडे ठेवून गेला. "धूळ बसू देऊ नकोस," एवढंच सांगून गेला. मावशींनी धूळ बसू दिली नाही. त्या त्यावर गेम खेळायला लागल्या.

हसू नका. मी हसलो होतो, आणि मग एकदा दुपारी मला तो गेम बघायला मिळाला. एक वाजता केंद्राचं दार लागायचं. पेठ आडवी व्हायची. तांब्याच्या भांड्यांवर सकाळपासून पडणारे हातोडेसुद्धा थांबायचे, आणि कुठेतरी एखादा नळ तेवढा वाहत राहायचा. त्या झोपलेल्या दुपारी मावशींच्या आतल्या खोलीत संध्याकाळ व्हायची. पडद्यावर एक भलामोठा देश होता. गवताच्या टेकड्या, मधून नदी, नदीवर लाकडी पूल, आणि ऊन कायम मावळतीचं. त्या देशातून मावशी धनुष्यबाण घेतलेली, लांब शेपट्याची एक मुलगी होऊन चालायच्या. लढाईबिढाई अंगावर आली तर करायच्या, पण खरं म्हणजे नुसत्या चालायच्या. सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा, एक पाय खुर्चीवर दुमडलेला, आणि चेहऱ्यावर असं काही की बघणाऱ्याने हळूच दार ओढून घ्यावं. मीही घेतलं.

मग अँटिव्हायरस कशाला? तर पेठेत नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं आणि मुलामुलींचे फोटो पाकिटातून यायचे ते आता पेन ड्राइव्हमधून यायला लागले होते. एका इंजिनिअरच्या पेन ड्राइव्हमधून असा काही व्हायरस आला की केंद्रातल्या सगळ्या मुलींचे फोटो गायब झाले. "आणि अर्जात म्हणे निर्व्यसनी!" मावशी कडाडल्या. त्या इंजिनिअरचं लग्न पुढे बरीच वर्षं जमलं नाही. माझा काही आरोप नाही.

आता मी आयटी कंपनीत आहे हे खरं. पण माझं काम अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची बिलं नीट छापली जाताहेत की नाही हे बघायचं. अँटिव्हायरसमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण आपल्याकडे मुलगा ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हटलं की त्याला सगळंच येतं असं धरून चालतात.

"नीट ऐक," मावशींनी अटी सांगितल्या. "आपण घरजावई बघतोय असं समज. घरात राहायचं आणि राखण करायची. बोलायचं कमी, जेवायचं कमी, आणि दुपारी एक ते चार लुडबुड करायची नाही. हा कॉम्प्युटर हळू झाला की मी मागे पडते. मला मागे पडायचं नाहीये."

"कुणाच्या मागे?"

"तुला काय करायचंय?"

आम्ही बुधवार पेठेत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या त्या गर्दीत मावशींनी एक दुकान हेरलं, कारण दुकानदार एकटाच बसून पेपर वाचत होता. ज्याला गिऱ्हाइकाची गरज नाही तो खोटं बोलत नाही, हा त्यांचा हिशेब. त्याने पेपर खाली न करताच खोक्यांकडे बोट दाखवलं.

"यातला कुठला कॉम्प्युटर हळू करत नाही?" मावशींनी विचारलं.

"सगळेच थोडे करतात."

"थोडे म्हणजे किती? मुलाकडचेसुद्धा ‘थोडा तापट आहे’ म्हणतात."

दुकानदाराने आता पेपर खाली घेतला. "आजी, घरी लावून बघा. महिनाभर चालवता येतात यातले बरेच. नाही आवडला तर काढून टाका."

"बघ," मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या धंद्यात ही सोय असती तर किती संसार वाचले असते!"

पहिलं स्थळ लाल खोक्यातलं. देखणं, पण बडबडं. दर थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यातून डोकं वर काढून सांगायचं की आपण सुरक्षित आहात. चौथ्या दिवशी मावशींनी मला बोलावलं. "मी सुरक्षित आहे हे मला सारखं कशाला सांगतोय? असं सांगणाऱ्यापासूनच जपावं लागतं. पत्रिका जुळत नाही म्हणून कळव त्यांना." मी कुणाला कळवणार? काढून टाकला.

दुसरा परदेशी, नावाजलेला. त्याचं जेवण फार. तो आल्यापासून कॉम्प्युटरच्या पंख्याला धाप लागायची आणि पडद्यावरची ती मुलगी एक पाऊल टाकून विचारात पडायची. तिसरा फुकट. फुकटावर मावशींचा मुळातच विश्वास नव्हता. "काही नको, फक्त मुलगी द्या म्हणतात, आणि मग मांडवात स्कूटर मागतात." तसंच झालं. आठवडाभरात तो रोज पैशांची आठवण करून द्यायला लागला. त्यालाही नारळ दिला.

चौथा कुणी नावही न ऐकलेला, लहान खोक्यातला, साधा. एव्हाना मीही चार पुस्तकं चाळून शहाणा झालो होतो. संपूर्ण तपासणीची वेळ त्याला मी पहाटेची दिली, कारण मावशी तेव्हा उठून कॉम्प्युटर चालू करून देवदर्शनाला जात. गेमच्या फायलींकडे सारखं डोकावू नकोस, असंही बजावून ठेवलं. तो खरंच गप्प राहिला. मावशींनी त्याला दोन आठवडे पारखलं आणि म्हणाल्या, "बरा आहे. नजर खाली ठेवून असतो."

याच सुमाराला मला ‘ते’ कळले.

सिलिंडर बदलून मी हात धूत होतो. आतून मावशी म्हणाल्या, "जरा थांब हं, ते पुलावर उभे आहेत." मला वाटलं कुणी पाहुणा आलाय. डोकावून बघतो तर पडद्यावर पुलाच्या कठड्याला टेकून एक उंच माणूस उभा होता, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी. मावशींची मुलगी त्याच्यापाशी गेली आणि दोनदा खाली वाकली. त्यानेही दोनदा वाकून दाखवलं. हा नमस्कार मावशींनी त्याला शिकवलेला. मग दोघं नदीकाठाने चालायला लागली.

तो जगात कुठेतरी खरोखर बसून खेळणारा कुणी होता. त्याचं गेममधलं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची नुसती भेळ. मावशींना ते उच्चारता येईना, म्हणून त्या नुसतं ‘ते’ म्हणायच्या. बोलणं एवढंच, की त्याने अधूनमधून ‘ओके?’ असं लिहून विचारायचं आणि मावशींनी एका बोटाने ‘ओके’ लिहायचं. ब्रॉडबँड आल्यापासून रोज दुपारी हे चाललं होतं.

"कोण आहे? कुठला?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"चौकशी केलीत का?"

मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "नाही केली," त्या म्हणाल्या. "बाईमाणूसही असेल एखादं. मला काय करायचंय?" आणि देवाशपथ सांगतो, सुमतीमावशी लाजल्या.

घरी येऊन मी शुभदाला हे हसत हसत सांगितलं. ती हातातलं लाटणं खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "मावशी त्याला ‘ते’ म्हणतात?"

"हो. नाव अवघड आहे ना."

"धन्य आहे तुझी," ती म्हणाली. "तुझं लग्न मावशींनी जमवलं म्हणून जमलं." आणि परत पोळ्या लाटायला लागली.

मग तो शनिवार आला. मला सुट्टी होती. जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात बेल वाजली. एक ते चारच्या मधे! दारात मावशी. जिना चढून आल्यामुळे धापा टाकत होत्या.

"मिलिंद, चल. सगळं थिजलंय."

खाली गेलो. पडद्यावर एक बर्फाळ घाट होता. मावशींची मुलगी एक पाय उचलून तशीच थिजली होती. कोपऱ्यात आमचे घरजावई एकेक फाइल उघडून संपूर्ण तपासणी करत बसले होते. आदल्या दिवशी त्याने आपणहून स्वतःची नवी आवृत्ती उतरवून घेतली होती आणि मी दिलेल्या सगळ्या सूचना तो विसरून गेला होता.

"लग्नानंतर बदलतात," मावशी पुटपुटल्या, पण त्यात नेहमीची धार नव्हती. "ते पुढे होते रे. या घाटात लांडगे आहेत. एकट्याने पार होत नाही. गेले पंधरा दिवस आम्ही इथवर यायला चालतोय. त्यांनी ‘ओके?’ विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत हे झालं. त्यांना वाटेल, मी मधेच उठून गेले."

"बंद करून परत चालू करावा लागेल."

"बंद असला तरी माझी मुलगी तिथेच उभी राहते रे, लांडग्यांत. किती वेळ?"

"लागेल थोडा."

"थोडा म्हणजे किती?" आता त्या खरंच विचारत होत्या.

मी बटण दाबलं. निळा दिवा विझला. खोलीत एकदम पेठेतली दुपार भरून आली. मावशी काळ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. आणि मी काही न विचारताच त्या बोलायला लागल्या.

"मलाही एकदा विचारलं होतं एकाने. पलीकडच्या गल्लीतला, बँकेत होता. माझे वडील गेलेले, पाठची भावंडं लहान. मी म्हटलं, धाकटा मॅट्रिक होईपर्यंत थांबाल का? हो म्हणाला."

"मग? थांबला नाही?"

"थांबला की. दिवाळीपर्यंत." मावशी किंचित हसल्या. "पुढे त्याच्या मुलीचं लग्न मीच जमवलं. छान चाललंय तिचं. राग नाही रे माझा. तो तरी किती थांबणार? माणूस पुढे जातो. पण आपण म्हणजे मागेच पडायचं माणूस, हे मनात बसलं ते बसलं."

मी परत बटण दाबलं. निळा दिवा लागला. मी आधी त्या अँटिव्हायरसला गप्प केलं. मग गेम. तो सावकाश, अगदी सावकाश उघडत होता. मावशींनी डोळे मिटून घेतले होते.

"मावशी, बघा."

घाटात बर्फ पडत होतं. मावशींची मुलगी होती तिथेच उभी होती. तिच्या चहूबाजूंनी मेलेले लांडगे पडले होते. आणि तिच्या पायाशी एक लहानशी शेकोटी पेटवून, अंधाराकडे तोंड करून, तो घोंगडीवाला बसला होता. पुढे गेलेला तो माणूस घाट उतरून परत मागे आला होता. पडद्याच्या तळाशी एकाखाली एक ‘ओके?’ लिहिलेले होते, बरेचसे.

मावशींनी डोळे पुसले. एका बोटाने अक्षरं शोधून ‘ओके’ लिहिलं. मुलगी दोनदा वाकली. तो उठला, त्याच्या अंगावरचं बर्फ झडलं, आणि तोही दोनदा वाकला.

मी म्हणालो, "मावशी, हा अँटिव्हायरस आज काढूनच टाकतो. सोमवारी बुधवारात जाऊन दुसरं स्थळ बघू."

"नको." त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "असू दे हाच."

"पुन्हा हळू करेल तो."

"करू दे थोडं हळू," मावशी म्हणाल्या. "ते थांबतात." आणि जरा वेळाने, "तू नीघ आता. शुभदा खोळंबली असेल."

मी हळूच दार ओढून घेतलं.