धुरळ्यामागचं गाव

बैलगाडा सुटला, बैलांनी शेपट्या वर केल्या आणि कॉम्प्युटर बसला.

"परत हँग!" निषादने कपाळ बडवलं. "एकनाथराव, हे सगळं तुमच्या तोंडामुळं."

आरोप खरा होता, म्हणून एकनाथने चहाचा कप तोंडाला लावला. भूगावात त्याचं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं आणि लोकांच्या टोप्या उडवायचा जोडधंदा. निषादने हिंजवडीतली नोकरी सोडली, कोंडिबाच्या माडीवर खोली घेतली आणि बैलगाडा शर्यतीचा गेम बनवायला घेतला, तेव्हा एकनाथ भागीदार झाला. सगळं बरं चाललं होतं. पण टपरीवर घरमालक कोंडिबाला बघून एकनाथची जीभ वळवळली. "कोंडिबा, तुमचा चेहरा गेममधी घालतोय. घाटाच्या कडंला, पयल्या रांगेत!"

दुसऱ्या दिवशी जिन्यात पासपोर्ट फोटो घेऊन अर्धं गाव. आता नाही कुणाला म्हणायचं? गेममधल्या घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, दोन्ही अंगांना गाव उभं राहिलं, ज्याची मिशी त्याला, ज्याचा फेटा त्याला. कोंडिबाचा चुलतभाऊ भिवाजी याने फेट्याला तुरा लावून घेतला. लगेच कोंडिबाला दोन तुरे. या तुऱ्यांपायी कॉम्प्युटरचा जीव चालला होता.

"सोपं आहे," निषाद म्हणाला. "पाकिटावर लिहू, कमीत कमी दोनशे छप्पन्न एमबी मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड लागेल."

"लिही. आणि खाली लिही, गेम फक्त बनवणाऱ्यानंच खेळावा."

कारण उद्या दादासाहेब येणार होते. पौडपासून बावधनपर्यंत त्यांचे सायबर कॅफे. स्वतःचं चौसष्ट एमबीचं मशीन जीपमध्ये घालून आणणार होते. "माझ्या डबड्यावर पळाला तर सगळ्या कॅफेत लावतो. न्हाई तर रामराम," त्यांनी फोनवर सांगितलं होतं. रामराम झाला की निषाद परत हिंजवडीच्या कंपनीच्या गाडीत.

"मग माणसं काढू," म्हणत निषादने मागच्या रांगेतली चार डोकी उडवली. नेमकी तेव्हाच कोंडिबाची बायको गोजराबाई कपबशा न्यायला आली.

"अगं बया! माजा गेणबा कुटं गेला? आत्ता तर हितं हुता की!"

भावाला घाटातून हाकललं म्हणून बाई तरातरा खाली गेली. पाचव्या मिनिटाला खोलीचं पाणी बंद.

एकनाथ तोंड चुकवून स्कूटरवरून सटकला. कोपऱ्यावर बिल्डरच्या प्लॉटकडे जाणारा मुरमाचा डंपर आडवा आला आणि रस्ता, झाडं, 'फ्लॅट विकणे आहे'च्या पाट्या, सगळं धुरळ्यात गडप झालं. त्या धुरळ्यातून आवाज आला, "ए एकनाथ! थांब मुडद्या! माज्या मेव्हण्याला काढतुया व्हय रं?"

कोंडिबा दिसत नव्हता. पण कोंडिबा आहे, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

एकनाथने शिव्या खात खातच स्कूटर वळवली आणि परत माडी गाठली. "निषाद, कॉम्प्युटरला धुरळा किती जड जातो रे?"

"धुरळा? काहीच नाही. एक मातकट पडदा ओढायचा, त्याच्या मागचं काही रंगवायलाच..." निषाद खुर्चीवरून उडी मारून उठला. मग त्याने एकनाथला मिठी मारली.

संध्याकाळी एकनाथ माइक घेऊन दारोदार हिंडला. "ज्याला ज्याला घाटात राहायचंय, त्यानं ह्यात वरडून जावं!" पहिला मान गेणबाला. पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांचं डबडं अंगणात मांडलं. भोवती अख्खं गाव. गाडा सुटला, बैल उधळले, असा धुरळा उठला की पुढच्या बैलाची शिंगंच काय ती दिसावीत. कॉम्प्युटर मात्र वाऱ्यासारखा.

"ह्यात मी कुटं हाय?" कोंडिबा गुरगुरला.

"कान द्या."

"भिर्रर्र! हाण की मुडद्या!" डबडं बोंबललं.

"मीच की रं त्यो!" कोंडिबाने मांडीवर थाप मारली. मग भिवाजी ओरडला, गेणबा खाकरला, गोजराबाईने डोळ्याला पदर लावला. दादासाहेब तर खुर्ची सोडेनात. "खऱ्या घाटात बी असंच कुणी दिसत न्हाई! लई खरं बनवलंय राव! सगळ्या कॅफेत लावा!"

निषादने पाकिटावर ऐटीत लिहिलं, 'कमीत कमी चौसष्ट एमबी.'

"आन आमची तोंडं?" भिवाजीने विचारलं. "दोन फोटो दिल्यात म्या."

"आहेत की," निषाद म्हणाला. "मेमरी वाढवली की धुरळा पातळ होतो. मग सगळे दिसतात."

एकनाथने आयुष्यात पहिल्यांदाच तोंड मिटून घेतलं.

सकाळी त्याच्या दुकानाचं शटर उघडायच्या आधी बाहेर रांग. भिवाजी पोराच्या कॉम्प्युटरसाठी मेमरी घेऊन गेला, तसा कोंडिबा इकडंतिकडं बघत आत शिरला आणि एकनाथच्या कानाशी लागला.

"माजं तोंड दिसंल एवढी मेमरी टाक. पर भिवाजीचं धुरळ्यातच ऱ्हाऊ दे."